पाचवी मूठ

गहू निवडून, पाखडून पितळी परातीत येऊन बसले, तरी लालीचं काय करायचं याचा निकाल लागला नव्हता. कानबाई परवावर आली होती. एकदा देवी घरात बसली की दोन दिवस भांडायला सवड मिळत नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांनी ते काम शुक्रवारी संध्याकाळीच उरकायचं ठरवलं होतं.

लाली म्हणजे भूपेंद्रची गाडी. लालभडक, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी, परदेशी. बारा वर्षांपूर्वी कतारगामचा एक हिरेवाला देश सोडून निघाला तेव्हा त्याने ती भूपेंद्रच्या गळ्यात मारली, आणि भूपेंद्रने गळा आनंदाने पुढे केला. ती डिंडोलीच्या गल्लीत पहिल्यांदा शिरली तेव्हा तिच्या आवाजाने तीन म्हशी आटल्या आणि एक भाकड म्हैस पान्हावली, असं भूपेंद्रचे वडील भिकननाना सांगत. गल्लीत म्हशी कधीच नव्हत्या, पण नानांच्या गोष्टीत असल्या बारीकसारीक अडचणी येत नसत.

आता येत्या दिवाळीत गाडीला पंधरा वर्षं पुरी होणार होती. पासिंग पुन्हा करायचं तर ती ठेवायची की नाही हे आधी ठरायला हवं होतं, आणि इथेच बापलेकांचं फाटलं होतं. एरवी असल्या भांडणात बाप म्हणतो नवं कशाला आणि पोरगा म्हणतो जुन्याला पंख लावू. सोनवणेंच्या घरात सगळं उलटं. पंख लावायचे होते एक्कावन्न वर्षांच्या भूपेंद्रला. भेस्तानला त्याचा एम्ब्रॉयडरीचा कारखाना होता, बारा मशिनी होत्या, डोक्यावर केस मोजके होते, आणि साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याने यादी केली होती: नवा सायलेन्सर, गाडी चार बोटं खाली, नव्या सीटा, आणि इंजिनाच्या मेंदूत काहीतरी फेरफार करून ताकद दीडपट.

वैभवला, म्हणजे त्याच्या पंचवीस वर्षांच्या मुलाला, ती विकून नवी हवी होती. चार सीटची, विजेवर चालणारी, मांजरासारखी गुपचूप येणारी. त्यालाही कारण होतं. मे महिन्यात तो आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना गाडी दाखवायला गेला होता. गाडीत जागा दोघांचीच, म्हणून शेजारी मुलगी आणि मागून स्कूटरवर सासरे अशी वरात निघाली. वराछाच्या पुलावर लालीने मान टाकली. वैभवने ती सासऱ्यांच्या देखत ढकलली, आणि थोड्या वेळाने सासऱ्यांनीही ढकलली. त्या दिवसापासून त्याच्या लेखी लाली मेली होती. त्याने गिऱ्हाईकसुद्धा शोधलं होतं. सोमवारी अकरा वाजता माणूस गाडी बघायला येणार होता.

घर दोन बाजूंना उभं होतं. भूपेंद्रच्या आई शोभाबाई आधी लेकाच्या बाजूने होत्या, पण नव्या गाडीतली सीट आपोआप पाठ रगडते असं नातवाने सांगितल्यापासून त्या नातवाकडे सरकल्या. नानांचा धाकटा भाऊ भगवान नवागामहून खास आला होता. त्याला पोरी दोन, दोघी सासरी, त्यामुळे कानबाईला तो इकडेच असे. रीतभात त्याच्या जिभेवर, आणि मत मात्र शेवटचा चहा ज्याने दिला त्याचं. दुपारपासून त्याने चार चहा घेतले होते आणि चार वेळा बाजू बदलली होती. भूपेंद्रची बायको वर्षा खांबाला टेकून चण्याची डाळ निवडत होती. तिचं मत कोणी विचारलं नव्हतं.

आणि नानांचं? नानांचं मत साऱ्यांनी गृहीत धरलं होतं, की म्हातारा गंमत बघतोय.

म्हातारा गंमत बघत नव्हता.

गोष्ट रविवारची होती. बारा वर्षं, दर रविवारी सकाळी सातला भूपेंद्र लाली बाहेर काढी आणि नाना डावीकडच्या सीटवर बसत. डुमसच्या रस्त्याला लागायचं, वाटेत एका हातगाडीवर डाळीचा गरमागरम लोचो खायचा, समुद्र दिसला की गाडी वळवायची. बोलणं फारसं होत नसे. नाना एखादी थाप मारत, भूपेंद्र हं म्हणे. पण आठवडाभर ज्याच्यामागे कारागीर, वेपारी, फोन आणि पाहुणे लागलेले असत तो लेक त्या दोन तासांत फक्त नानांचा असे, कारण गाडीत तिसऱ्याला जागाच नव्हती. चार सीटची गाडी आली की शोभाबाई येणार, सून येणार, नातू येणार, नातसून येणार, आणि नाना मागे, मधोमध, गुडघे कानाला लावून बसणार. आणि भूपेंद्रच्या यादीप्रमाणे गाडी चार बोटं खाली गेली, तर पंचाहत्तरीतल्या माणसाने तिच्यात शिरायचं कसं आणि शिरलाच तर बाहेर काढायला कुणाला बोलवायचं? दोन्हीकडून नानांची सीट जात होती. हे सांगायचं तर तोंडाने सांगावं लागलं असतं, आणि नानांच्या तोंडाला खरं बोलायची सवय राहिली नव्हती.

पण त्यांना हात होते.

लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, ज्याने काम केलं त्याला हे सांगावं लागत नाही. दीडशे लूम एका छपराखाली सुरू झाले की कानात बोट घालून ओरडलं तरी शेजाऱ्याला ऐकू जात नाही. तिथे कारागीर हाताने बोलतात. दोन बोटं जुळवून झटक्यात फाकवली की धागा तुटला, मशीन थांबव. मूठ पुढे ढकलली की चालू कर. पोटावरून हात फिरवला की शेठ आला, मान खाली. गालावर तळहात टेकला की सुट्टी. नाना तीस वर्षं ही भाषा बोलले, आणि लहानपणी त्यांच्या शेजारच्या लूमवर उभा राहिलेला भूपेंद्र तीच शिकून मोठा झाला. घरात ती या दोघांनाच येत होती.

वैभव त्या सोमवारच्या गिऱ्हाइकाचं कौतुक सांगत होता, तेव्हा नानांनी सहज पोटावरून हात फिरवला. भूपेंद्रने यादीचा पुठ्ठा खाली ठेवला. मग नानांनी गालावर तळहात टेकला, एक बोट लेकाकडे केलं, एक स्वतःकडे. बघणाऱ्याला वाटलं असतं म्हाताऱ्याची दाढ दुखते. भूपेंद्रने ते बघितलं, खाली बघितलं, आणि पुठ्ठ्याची घडी करून खिशात घातली. बापाने एवढं मागितलं आणि आपण सायलेन्सरच्या गोष्टी करतोय, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर आलं. पण घडी घातलेल्या यादीने गिऱ्हाईक परत जात नाही.

तेवढ्यात शोभाबाई म्हणाल्या की भांडण नंतर, आधी मुठी घ्या, गहू दळायला जायचेत.

कानबाईच्या रोटांचं दळण मापाने होत नाही, माणसांनी होतं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू, आणि मूठ घरातल्या सगळ्यांत थोरल्याची. त्याच पिठाचे रोट, आणि ते खायचे फक्त कुळातल्यांनी. नाना हातपाय धुऊन, टोपी घालून परातीपुढे बसले. शेजारी रिकामी टोपली. पहिली सव्वा मूठ स्वतःच्या नावाची. दुसरी भगवानची. तिसरी भूपेंद्रची. चौथी वैभवची. शोभाबाई टोपली उचलायला वाकल्या.

नानांचा हात पुन्हा परातीत गेला. मूठभर गहू वर आले, टोपलीत पडले, मग वरची पाव मूठ.

शोभाबाई तशाच वाकलेल्या राहिल्या. "हाई पाचवी मूठ कोनी?"

"लालीनी," नाना म्हणाले.

मग वैभवला हसू फुटलं, पण आजीचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. टोपलीत पडलेले गहू परत परातीत जात नाहीत. हे त्यालाही ठाऊक होतं.

"बारा वरिसपासून टाकस मी," नाना म्हणाले, आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबवणं कानबाईच्याही हातात राहिलं नाही. लाली आली त्या पहिल्याच श्रावणात देवी स्वप्नात आली होती. कुठे बसली होती? लालीत, डाव्या सीटवर, पट्टा लावून. तिने काच खाली केली आणि विचारलं की भिकन, दारात उभं राहून तुझ्या घराची राखण करतंय त्याची मूठ कुठे आहे? तेव्हापासून दरवर्षी नाना गुपचूप एक मूठ टाकत आले. म्हणून तर बारा वर्षांत लालीला साधा ओरखडा नाही.

"लुगडं कोनता रंगनं होतं?" भगवानने विचारलं. रीतभातीच्या माणसाला पुरावा लागतो.

"पोपटी."

भगवानने मान डोलावली. त्याच्याही स्वप्नात एकदा पोपटीच होतं. पाचवा चहा नुकताच नानांच्या सांगण्यावरून आला होता हेही खरं. त्याने कपबशी खाली ठेवली, मांडी सावरली आणि निकाल दिला. ज्याची मूठ टोपलीत पडली तो कुळातला. "भाऊबंदले कोनी इकस का?"

भूपेंद्रचा चेहरा दिव्यासारखा उजळला. खिशातला पुठ्ठा पुन्हा बाहेर आला. पण भगवानचं संपलं नव्हतं. भाऊबंद विकता येत नाही तसा तो कापताही येत नाही. धडधाकट माणसाला धरून त्याचं नरडं बदलायचं, पाय चार बोटं तोडायचे, मेंदूत फेरफार करायचे, हे कुठल्या कुळात बसतं? भूपेंद्रने पुठ्ठा पुन्हा खिशात घातला. वैभव म्हणाला, हा शुद्ध अंधेर आहे. भूपेंद्र पहिल्यांदाच मुलाकडे बघून म्हणाला की या बाबतीत तू बरोबर आहेस. दुपारी एकमेकांचं तोंड न बघणारे बापलेक एका बाजूला आले, आणि समोरच्या बाजूला नाना, भगवान आणि स्वप्नातली देवी. शोभाबाई मध्ये टोपली धरून उभ्या.

नानांना आतून गुदगुल्या होत होत्या. लाली विकली जाणार नाही, खाली जाणार नाही, जशी आहे तशी दारात राहणार. रविवार वाचला. इतकी देखणी थाप त्यांनी खात्यातल्या संपानंतर मारली नव्हती.

"नाना," वर्षा म्हणाली.

डाळीचं सूप तिने बाजूला ठेवलं होतं. आवाज चढलेला नव्हता. तिचा आवाज कधीच चढत नसे, म्हणून या घरात तो फारसा कोणाच्या लक्षात राहत नसे.

"लाली बारा वरिसपासून या घरमा शे. तिनी मूठ शे. माले अठ्ठावीस वरीस व्हयनात." ती टोपलीकडे बघत होती. "मंग मनी मूठ कोठे शे?"

भगवानने घसा साफ केला. बायकांची मूठ घ्यायची रीत नाही, हे त्याने सुरू केलं, आणि पहिल्याच वाक्यात त्याला कळलं की आपण चिखलात पाय घातला आहे. गाडीची मूठ घ्यायची रीत होती काय, असं वैभवने विचारलंसुद्धा. एका प्रश्नात तो बापाची बाजू सोडून आईच्या बाजूला गेला होता.

"थांब," वर्षा मुलाला म्हणाली. मग तिने डावा हात उचलला. पोटावरून फिरवला. गालावर तळहात टेकला. एक बोट भूपेंद्रकडे केलं, एक नानांकडे. "सुट्टीना दिन, तू आन मी. सहा वरीस मी खातामा डबा लई येत होतू, नाना. तुमनी पाळी सुटापर्यंत अर्धा-अर्धा घंटा भितले टेकीसन उभी ऱ्हायेल शे. माले वाचता येस."

नानांनी आयुष्यात पुष्कळ माणसांना तोंडघशी पाडलं होतं, स्वतः पडायची सवय नव्हती. अठ्ठावीस वर्षं! या सुनेच्या समोर त्यांनी हातांनी काय काय बोलून ठेवलं असेल? तिच्या पहिल्या वरणाबद्दल त्यांनी भूपेंद्रला जी खूण केली होती ती आठवून त्यांचे कान तापले. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"बारा वरीस नई," ते म्हणाले. "आजच टाकी."

भगवानने कपाकडे बघितलं, जणू फसवणूक त्यात होती.

"आन देवी?" शोभाबाईंनी विचारलं.

"देवी बी नई." नाना परातीतल्या गव्हांत बोट फिरवत राहिले. "चार सीटनी गाडी उनी का मी मांगे जासू. मंग हाऊ माले कव्हय भेटी?"

हाऊ म्हणजे भूपेंद्र. एक्कावन्न वर्षांचा, बारा मशिनींचा मालक भूपेंद्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला, जसं काही तिथे त्याची यादी छापली होती. वैभव खाली बसला. त्याने आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला की नाना, हे आधी सांगायचं ना, मी काय तुम्हाला डिकीत बसवणार होतो?

शोभाबाईंनी टोपली जमिनीवर ठेवली. कानबाईच्या बाबतीत या घरात शेवटचा शब्द त्यांचा, भगवान कितीही चहा प्याला तरी. त्या म्हणाल्या की खोटी असो, खरी असो, मूठ पडली ती पडली. गहू परत फिरणार नाहीत. लाली राहील. पण मग हिशोब पुरा करा.

"वहिनी, रीत..." भगवान म्हणाला.

"भगवानभाऊ, रोट कोन भाजस?" शोभाबाईंनी विचारलं. "आन कानबाई तरी कोन शे? बाईच ना. टाका मूठ."

नानांनी सहावी मूठ घेतली, शोभाबाईंची. सातवी घेताना त्यांनी हात परातीत खोल घातला आणि बोटं अशी ताणली की त्या एका मुठीत दीड मुठीचे गहू आले. वरची पाव मूठही पाव नव्हती. वर्षाने ते बघितलं. डाळीचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं, आणि डाळ निवडता निवडता म्हणाली की अजून एक राहिलं.

आता काय, अशा नजरेने सगळ्यांनी बघितलं.

"चावी," ती नवऱ्याला म्हणाली. आठ वर्षांपूर्वी तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन लायसन्स काढलं होतं. ते कपाटात रेशनकार्डाखाली पडून होतं. गाडी मागितली की भूपेंद्र सांगे, लालीचा क्लच जड आहे. आताही तो तेच म्हणाला. वर्षा म्हणाली की बाराशे पोळ्यांचं पुरण वाटून झालं की दाखवते कोणाचा हात जड आहे ते. बाराशे हा आकडा कुठून आला कोणी विचारलं नाही. सासऱ्याच्या सहवासात सूनही थोडीफार शिकतेच.

शेवटी ठरलं ते असं. एक रविवार भूपेंद्रचा, एक वर्षाचा. डावी सीट दोन्ही रविवारी नानांची. पुलावर मान टाकणारा जो काही आजार होता तेवढा भेस्तानच्या मेकॅनिककडून काढून घ्यायचा, नरडं आणि पाय जसे आहेत तसे. वैभवने नवी गाडी जरूर घ्यावी, हवी तेवढी गुपचूप, पण लग्नानंतर आणि आपल्या कमाईची. त्याने उठून गॅलरीत जाऊन गिऱ्हाइकाला नाही कळवायला फोन लावला. आतपर्यंत ऐकू आलं. "अंकल, गाडी वेचवानी नथी. घरनी थई गई छे." पलीकडच्याने काय विचारलं कळलं नाही, पण वैभव बराच वेळ गहू, मूठ आणि देवी असं काहीतरी गुजरातीत समजावत होता.

कानबाई आली, रात्रभर गाणी झाली, सोमवारी तिला नदीवर पोहोचवून आले. राहिले ते रोट. चार पुरुषांच्या जागी सात मुठी, त्यात सातवी तसली. रोट बाहेरच्याला देता येत नाहीत आणि पुनवेच्या आत संपवावे लागतात. भगवानने चार दिवस नवागामला जायचं नावच काढलं नाही. लालीच्या नावाचे रोट कोणी खायचे यावर पुन्हा बैठक झाली असती, पण शोभाबाईंनी ते सरळ वैभवच्या ताटात वाढले. ज्याने तिला विकायला काढलं त्याने तिच्या वाटचं खावं. तो खाता खाता म्हणाला की या गाडीने मला आधी ढकलायला लावलं आणि आता फुगवलं.

पुढच्या रविवारी सकाळी सातला लाली दारात आली तेव्हा अर्धी गल्ली ओट्यावर होती. भूपेंद्र गाडीभोवती दोनदा फिरला. मग घरात जाऊन एक गोधडी घेऊन आला, तिची चौघडी केली आणि चालकाच्या सीटवर ठेवली, कारण वर्षाला स्टिअरिंगवरून रस्ता दिसत नव्हता. पुठ्ठाभर यादीपैकी गाडीत काय फेरफार झाला, तर हा.

नाना डाव्या सीटवर बसले, पट्टा लावला. पहिल्यांदा गाडीने बेडकासारखी उडी मारली, दुसऱ्यांदा छोटी उडी मारली, आणि तिसऱ्यांदा सुरळीत निघाली. भूपेंद्र गल्लीच्या तोंडापर्यंत मागून चालत आला आणि मग तिथेच राहिला. आरशात तो लहान होत गेला. नानांना जरा चुकल्यासारखं झालं. पण डुमसच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांची जीभ वळवळायला लागली होती. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी सुरुवात केली, की खात्यात असताना एकदा एका रात्रीत त्यांनी एवढं कापड विणलं की सकाळी त्याचं दुसरं टोक शोधायला दोन माणसं बडोद्याच्या गाडीने पाठवावी लागली...

वर्षाने रस्त्यावरची नजर हलवली नाही. डावा हात स्टिअरिंगवरून उचलला, दोन बोटं जुळवली आणि झटक्यात फाकवली. धागा तुटला. मशीन बंद.

नाना अर्ध्या वाक्यात थांबले. तीस वर्षांची सवय, हाताने सांगितलं की थांबायचं. समोर एक टेम्पो आडवा येत होता. तिने ब्रेक लावला, तो जाऊ दिला, गिअर घातला. नाना तोंड मिटून बसून राहिले.

टेम्पो गेला. रस्ता मोकळा झाला. वर्षाने मूठ वळली आणि पुढे ढकलली.

नानांनी मांडी सावरली, टोपी नीट केली आणि गोष्ट पहिल्या धाग्यापासून पुन्हा चालू केली. या खेपेला कापडाचं दुसरं टोक दिल्लीला सापडलं.